मातीत लोह, पानात केवडा

भेंडी गुडघ्याएवढी झाली आणि तिथेच थांबली. फुलं यायची, त्यातलं एखादं धरायचं आणि तीही भेंडी वाकडी निघायची. मेथी चार बोटं वर आली आणि खालून पिवळी पडत गेली. टोमॅटोला फळं लागली, पण लाली चढायच्या आतच बुडाला काळा, खोलगट डाग पडायचा. पालक मात्र त्याच ओळीत, पलीकडच्या वाफ्यात, हिरवागार होता, तळहाताएवढ्या पानांचा. माती एक, पाणी एक, खत एक, आणि चार भाज्यांच्या चार तऱ्हा. परसबागेचा माझा हा पहिलाच हंगाम होता, आणि हे पाहून काही सुचेनासं झालं होतं.

आमचं घर सोलापुरात, जुळे सोलापूरच्या पुढे नव्याने वसलेल्या भागात. घरामागे बऱ्यापैकी मोकळी जागा आहे. काळी माती, दिवसभर ऊन, बोअरला पाणी. काळी जमीन म्हणजे कसदार जमीन, असं ऐकतच आपण मोठे होतो. मी वाफे केले, बाजारातून बी आणलं, शेणखत टाकलं, वर गांडूळखत टाकलं. जीवामृतही करत होते. सुभाष पाळेकरांच्या कृतीत २०० लिटर पाण्याला १० किलो शेण, साधारण तेवढंच गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि मूठभर जिवंत माती असते. तेच प्रमाण कमी करून बादलीत कालवायचे. तरीही झाडं उपाशी असल्यासारखी दिसत होती.

मग सल्ले सुरू झाले. शेजारच्या काकांनी चुलीची राख द्यायला सांगितली. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, अंड्याची टरफलं वाटून घाल, टोमॅटोचा काळा डाग कॅल्शियम कमी पडल्यानं येतो. खताच्या दुकानदारानं जिप्समची पिशवी पुढे केली. कुणी युरियाचं पाणी म्हणालं, कुणी ताक, कुणी निंबोळी पेंड. सगळे आपुलकीनं सांगत होते आणि प्रत्येकाच्या बागेत त्याचा उपाय लागू पडलेला होता. माझ्या बागेत काय कमी आहे, हे मात्र यातल्या कुणालाच माहीत नव्हतं, मला तर नव्हतंच. दुखणं न कळता औषधांची यादी वाढत चालली होती.

तेवढ्यात माझ्या सासूबाई गावाहून आल्या. मी त्यांना आत्या म्हणते. त्यांचं सगळं आयुष्य पंढरपूरकडच्या रानात गेलेलं. त्या सकाळीच परसात गेल्या आणि खताबद्दल एक शब्दही न बोलता भेंडीच्या शेंड्याशी वाकल्या.

"अगं, हा केवडा पडलाय," म्हणाल्या. "पण कंचा केवडा, ते बघाय पायजे."

केवडा म्हणजे पान पिवळं पडणं, एवढं मला ठाऊक होतं. पिवळ्यातही प्रकार असतात, ते त्या सकाळी प्रथमच डोळ्यांनी पाहिलं. आत्यांनी एक कोवळं पान उन्हासमोर धरलं. पानाच्या शिरा हिरव्या होत्या, अगदी बारीक जाळ्यापर्यंत हिरव्या, आणि शिरांमधला भाग फिकट पिवळा, जवळजवळ पांढुरका. खालची, जुनी पानं मात्र चांगली हिरवी. मग त्या म्हणाल्या की शिराच पिवळ्या असत्या आणि मधलं पान हिरवं, तर तो हळद्या. तो रोग पांढरी माशी पसरवते, त्याला खत चालत नाही, झाड उपटून टाकावं लागतं. भेंडीच्या ज्या वाणांकडे शेतकरी या रोगासाठी वळले, त्यांत परभणी क्रांतीचं नाव त्यांना चांगलं आठवत होतं.

तिथून त्या मेथीकडे वळल्या. मेथीचा शेंडा हिरवा होता आणि खालची पानं सबंध पिवळी, शिरांसकट. म्हणजे भेंडीच्या अगदी उलट.

यामागचं कारण मी पुढे वाचून समजून घेतलं. नत्र झाडाच्या अंगात हलतं राहतं. ते कमी पडलं की झाड जुन्या पानांतून काढून नव्या शेंड्याला देतं, म्हणून आधी खालची पानं पिवळी होतात. लोह तसं हलत नाही, जिथे गेलं तिथेच राहतं. म्हणून लोह कमी पडलं की नवीन पान जन्मतःच पिवळं येतं आणि जुनी पानं हिरवी राहतात. पिवळेपणा वरून सुरू झाला की खालून, एवढं पाहिलं तरी निम्मा उलगडा होतो. हे मला कुणी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, असं आजही तळमळीनं वाटतं. खताच्या पिशवीवर घटकांची टक्केवारी छापलेली असते. पान कसं वाचायचं, ते त्यावर नसतं.

मेथीचं कोडं लवकर सुटलं. त्या वाफ्यात मी भुईमुगाच्या शेंगांची टरफलं मिसळली होती, माती भुसभुशीत व्हावी म्हणून. टरफलं, भुसा, लाकडाचा चुरा यांत कर्ब भरपूर आणि नत्र अगदी थोडं असतं. ती मातीत गाडली की कुजवणारे जिवाणू आपल्या वाढीसाठी आजूबाजूचं नत्र ओढून घेतात आणि पिकाला काही काळ ते मिळत नाही. हीच टरफलं मातीवर पसरली तर उत्तम आच्छादन होतं. आत गाडायची असतील तर आधी शेणाबरोबर नीट कुजवलेली हवीत. मेथीला मुरवलेल्या शेंगदाणा पेंडीचं पाणी दिलं आणि पुढच्या कापणीला ती सावरली.

भेंडीचं दुखणं खोल होतं. माती तपासायची ठरली. आपल्याकडे मृदा आरोग्य पत्रिकेची योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून माती परीक्षण हा शब्द सगळ्यांच्या कानावर आहे. पण तो शेतकऱ्यांसाठी असतो, परसातल्या चार वाफ्यांची माती कोण तपासून देणार, असं मला वाटत होतं. प्रयोगशाळेत गेल्यावर कळलं की फी भरून कुणालाही तपासून मिळते. तिथल्या ताईंनी नमुना कसा काढायचा ते शांतपणे समजावलं. वरचा पालापाचोळा बाजूला करायचा. इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घ्यायचा. त्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत पातळ काप माती काढायची. अशी आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करायची, ढेकळं फोडायची, सारखी पसरून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचं. ओली असेल तर सावलीत वाळवायची, उन्हात नाही. नुकतंच खत टाकलेली जागा, झाडाची सावली आणि उकिरड्याची कड टाळायची.

"आणि ताई, सूक्ष्म अन्नद्रव्यं बघायची असतील तर लोखंडी खुरपं नको. लाकडी किंवा प्लॅस्टिकचं काहीतरी घ्या. आम्ही लोखंडच मोजणार ना," त्या म्हणाल्या.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि तीच सगळ्यांत मोलाची ठरली. पत्रिकेत जे बारा घटक असतात त्यांत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म द्रव्यं येतात. मुक्त चुना त्यात नसतो. आमच्या भागातल्या मातीला तो वेगळा सांगून तपासून घ्यावा.

अहवालाचा कागद हातात आला तेव्हा पहिल्यांदा काहीच कळेना. सामू ८.३. क्षारता ठीक. सेंद्रिय कर्ब ०.३४ टक्के, म्हणजे कमी. पालाश भरपूर, काळ्या मातीत तो बहुधा असतोच. जस्त ०.४५, लोह २.८. हे आकडे दशलक्षात किती भाग अशा मापाचे. जस्त ०.६ च्या खाली आणि लोह ४.५ च्या खाली गेलं की कमतरता धरतात. आणि मुक्त चुना ११ टक्के.

इथे मी पुन्हा गोंधळले. आमची काळी माती बेसॉल्टची, म्हणजे दख्खनच्या पठारावरच्या काळ्या फत्तराची झीज होऊन झालेली. त्या दगडात लोह पोतडीनं असतं. मग कमतरता कशी? ताईंनी उत्तर दिलं ते असं: लोह आहे, पण विरघळलेलं नाही, आणि मुळाला विरघळलेलंच घेता येतं. सामू एका अंकानं चढला की मातीतल्या पाण्यात सुटं राहणारं फेरिक लोह हजारपटीनं कमी होतं. चुना सामू आठाच्या वर धरून ठेवतो आणि लोह गंजासारखं मातीला चिकटून बसतं. कागदावर २.८ लिहिलं होतं ते एकूण लोह नव्हे, पिकाच्या हाती लागू शकेल एवढं लोह.

घरी आल्यावर मी एक साधी गोष्ट केली. बशीत चमचाभर कोरडी माती घेतली आणि वर लिंबू पिळलं. लगेच बारीक फेस आला, कान जवळ नेला तर चुरचुर आवाजही येत होता. आम्लानं चुन्यातून वायू सुटत होता. मग परसात वेगवेगळ्या ठिकाणची माती घेऊन तेच केलं. पालकाच्या वाफ्यात फेस बेताचा, टोमॅटोच्या वाफ्यात जोरात आणि भेंडीच्या वाफ्यात सगळ्यांत जास्त. भेंडीच्या वाफ्याच्या कडेला कुदळीनं फूटभर खणलं तर खाली विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे आणि गिलाव्याचं पांढरं डबर निघालं. बांधकाम झाल्यावर गवंड्यांनी उरलेलं तिथेच गाडून वर माती पसरली होती. मुळातली माती चुनखडीची, त्यात हा सिमेंटचा चुना. त्याच खड्ड्यात पाणी भरून ठेवलं, ते दुसऱ्या दिवशीही तळाशी होतं. खड्ड्याच्या कडेची भेंडी उपटून मुळं धुऊन पाहिली. सूत्रकृमीच्या गाठी नव्हत्या, हुमणीनं खाल्ल्याची खूण नव्हती. मुळं वीतभर खाली जाऊन आडवी वळली होती.

आता सगळे सल्ले पुन्हा एकेक करून तपासता येत होते. राख स्वतःच अल्कधर्मी असते, आम्लधर्मी मातीत ती उपयोगी पडते. कोकणातल्या जांभ्या मातीत राखेचा गुण येईल, माझ्या चुनखडीच्या मातीत ती सामू आणखी वरच नेईल. अंड्याची टरफलं म्हणजे शुद्ध चुनाच, आणि इतक्या सामूला ती विरघळतही नाहीत. जिप्सम सोडियम साठलेल्या चोपण जमिनीचं औषध आहे, सामू ८.५ च्या वर गेला की सोडियमची शंका घ्यायची, माझा त्याखाली होता आणि क्षारताही कमी. सल्ले खोटे नव्हते, ते दुसऱ्या मातीचे होते.

गंधकाचं मात्र मला फार आकर्षण वाटलं. मातीतले जिवाणू गंधकाचं आम्ल करतात आणि सामू उतरतो, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मी कागद घेऊन बसले. एक चौरस मीटर जागा, वीस सेंटिमीटर खोली, म्हणजे साधारण २४० किलो माती. तिचे ११ टक्के म्हणजे २६ किलो चुना. एक किलो गंधकाच्या आम्लात तीन किलोच्या आसपास चुना संपतो. म्हणजे एका चौरस मीटरमधला चुना संपवायला आठ किलोंहून जास्त गंधक! आणि चुना संपेपर्यंत सामू फारसा हलणारच नाही. हा हिशेब झाला आणि माती बदलण्याचा विचार मी सोडून दिला. अशा मातीत मुळाभोवतीचा थोडासा भाग सुधारायचा आणि पिकं तिला मानवतील अशी निवडायची, हाच शहाणपणाचा मार्ग, असं माझं आता ठाम मत आहे.

पाण्याचा भाग आत्यांनी उलगडला. मी रोज संध्याकाळी नळीनं पाणी देत होते, माती वरून कोरडी दिसायची म्हणून. त्यांनी वाफ्यात बोट घातलं, दोन पेरं खाली गेल्यावर चिखल लागला. "वापसा कुठाय हितं? मुळाला वारं कसं लागंल?" त्या म्हणाल्या. मातीत ओल आणि हवा दोन्ही नीट असण्याची ही वाफशाची गोष्ट शेतकऱ्यांच्या तोंडी रोजची आहे, आणि तिचं रसायन लोहाशी थेट जोडलेलं आहे. चुनखडीची माती सतत ओली राहिली की मुळांचा आणि जिवाणूंचा कार्बन डायऑक्साइड आत कोंडतो, तो चुन्यात मिसळून बायकार्बोनेट वाढतं, आणि त्यानं झाडाला लोह घेणं आणखी अवघड होतं. आमच्या बोअरच्या पाण्यातही क्षार इतके की बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो. म्हणजे रोजच्या पाण्यानं केवडा वाढत होता.

टोमॅटोचा काळा डागही याच धाग्यात आला. कॅल्शियम तिथे कमी नव्हतंच, ११ टक्के चुन्याच्या मातीत ते कमी कसं पडेल? पण कॅल्शियम झाडात फक्त पाण्याच्या ओघाबरोबर वर चढतं. पानांतून पाणी सतत उडतं म्हणून ओघ पानांकडे जातो, फळाच्या वाट्याला थोडाच येतो. आम्ही सुट्टीत गावी गेलो की वाफा भेगा पडेपर्यंत सुकायचा, परत आलो की तुडुंब. कधी ओघ तुटायचा, कधी मुळं गुदमरायची, आणि त्या दिवसांत वाढणाऱ्या फळाच्या बुडाला कॅल्शियम पोहोचायचं नाही. टोमॅटोला नवीन खत काहीच दिलं नाही. वाळल्या पाल्याचं चार बोटं जाड आच्छादन घातलं आणि बोट घालून पाहिल्यावरच पाणी द्यायला लागले. पुढच्या घोसांतले डाग जवळजवळ गेले.

भेंडीला फवारणी केली: एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणि एक ग्रॅम लिंबूसत्त्व. हिराकस हिरवट स्फटिकांचं घ्यायचं, तपकिरी झालेलं घेऊ नये. द्रावण ताजं करायचं आणि ऊन उतरल्यावर मारायचं. फरशीवर उडालं तर गंजाचे डाग जात नाहीत, हेही सांगून ठेवते. तीन-चार दिवसांनी सकाळी पाहते तर पिवळ्या पानांवर हिरवे ठिपके! जिथे जिथे थेंब बसला होता, तिथे तिथेच पान हिरवं झालं होतं, दोन थेंबांमधली जागा तशीच पिवळी. तो क्षण मला फार मोठा वाटला. लोहच कमी पडत होतं, याची साक्ष पानानंच दिली होती.

पण फवारणीनंतर आलेली नवी पानं पुन्हा फिकट आली, कारण लोह जुन्या पानातून वर सरकत नाही. म्हणून फवारणी दर आठ-दहा दिवसांनी करत राहावी लागली. बाजारात चिलेटेड लोह मिळतं, त्यातही फरक असतो. ईडीटीएचं चिलेट स्वस्त, पण आठाच्या वरच्या सामूला मातीत टिकत नाही; ते फवारणीला ठीक. मातीतून द्यायचं तर ईडीडीएचए लागतं आणि ते बरंच महाग आहे. मी दुसरा मार्ग धरला. चांगल्या कुजलेल्या, मातीचा वास येणाऱ्या शेणखतात हिराकस आणि थोडं झिंक सल्फेट मिसळून, ओलसर ठेवून मुरवलं आणि तेच मुळांजवळ दिलं. कुजलेल्या खतातली सेंद्रिय आम्लं लोहाला धरून ठेवतात, चुन्याच्या तावडीत लगेच जाऊ देत नाहीत.

भेंडीचा वाफा मात्र मोडला. डबर निघेल तेवढं काढलं. ती घमेली उचलताना कंबर धरली, पण त्या कामाला पर्याय नव्हता. मग जमिनीपासून वीतभर उंच गादीवाफे केले, पाणी बाजूला निघून जाईल असे. त्यात वरची माती, शेणखत आणि कुजलेला पालापाचोळा मिसळला.

आता दुसऱ्या हंगामात पालक, बीट आणि अंबाडी कसलीही तक्रार न करता येतात; पालक आणि बीट तर अशा मातीला मुळातच सोशिक. भेंडी कंबरेच्या वर गेली आहे आणि एक दिवसाआड भाजीपुरती निघते. शेंड्याला पिवळसर झाक अजून येते, फवारणी चुकली की लगेच. वांगी मध्यम. घेवडा अजून रुसलेलाच आहे. क्षारांच्या बाबतीत तो फार नाजूक असतो, म्हणून माझा संशय बोअरच्या पाण्यावर आहे. पाण्याचा नमुना बाटलीत भरून तयार ठेवला आहे.

दरम्यान मृगाच्या आधी मागच्या पत्र्याला पन्हळ लावून घ्यायची आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, आणि आमचा पत्रा दहा चौरस मीटरचा. वीस मिलिमीटरची एक चांगली सर आली की २०० लिटरचा पिंप भरेल. ते बिनक्षारांचं पाणी यंदा फक्त घेवड्याला द्यायचं, बाजूच्या ओळीला बोअरचं, आणि दोन्ही ओळींची पानं शेजारी शेजारी धरून पाहायची, असं मी आणि आत्यांनी ठरवलं आहे.